पत्ता बरोबर, पण पत्र कोणाचं?

ताईची राखी दरवर्षी पोस्टाने होस्टेलवर येते. पाकिटावर आधी माझं नाव, मग रूम नंबर, होस्टेल, कॉलेज, तालुका, जिल्हा. पोस्टखातं मात्र हा पत्ता खालून वर वाचतं! पिनकोडही तसाच. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या या सहा आकड्यांत पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस सांगतात.

थर्ड इयरला आम्ही मिनी प्रोजेक्ट म्हणून होस्टेलच्या तक्रारींची वेबसाइट रेल्समध्ये करायला घेतली, तेव्हा कळलं की यूआरएलसुद्धा असंच मोठ्याकडून लहानाकडे चालतं. 'रूम्स/२१४/कम्प्लेंट्स/१७' म्हणजे २१४ नंबरच्या खोलीची १७ नंबरची तक्रार. याला म्हणायचं नेस्टेड रिसोर्स. आणि राउटर म्हणजे गेटवरचा वॉचमन. तो पत्ता वाचतो, कम्प्लेंट्सच्या कंट्रोलरकडे बोट दाखवतो आणि २१४ व १७ अशा दोन चिठ्ठ्या आत पाठवतो. बस्स, त्याचं काम संपलं. १७ नंबरची तक्रार खरंच २१४ चीच आहे का, हे तो बघत नाही.

मला वाटलं, बघतो! कंट्रोलरमध्ये मी फक्त २१४ ही लॉगिन केलेल्याचीच खोली आहे ना, एवढं तपासलं आणि तक्रार थेट नंबरवरून शोधली. डेमो झकास झाला. सर खूश, आम्ही तर हवेत.

आठवड्याभरात कोणीतरी गंमत म्हणून १७ च्या जागी २३ टाकलं. खोली स्वतःची, तक्रार दुसऱ्याची... आणि ती उघडली! एका ज्युनिअरने रेक्टर सरांना लिहिलं होतं की बाबांचे पैसे यायला उशीर होतोय, तेवढं मेसचं कार्ड बंद करू नका. रात्री मेसमध्ये तेच सगळ्यांच्या तोंडी. दोन दिवस तो पोरगा जेवायलाच आला नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. आधी खोली शोधायची आणि मग त्या खोलीच्याच तक्रारींमध्ये २३ नंबर शोधायचा. नाही सापडला तर सरळ ४०४. पण मग रूम पार्टनरची तक्रार मला दिसणारच की! म्हणून तक्रार लिहिणारा कोण, हेही तपासलं. पुढे वाचनात आलं की एपीआयच्या सुरक्षेतल्या धोक्यांच्या ओवास्पच्या यादीत २०१९ साली आणि २०२३ सालीही हीच चूक पहिल्या नंबरवर होती. म्हणजे आम्ही एकटेच शहाणे नव्हतो. पण त्याने त्या पोराचं काय भलं होणार?

त्याच्या रूमवर जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे दादा." पुढच्या महिन्यात त्याची तक्रार आली... साइटवर नाही, रेक्टर ऑफिसबाहेरच्या लाकडी पेटीत, घडी घालून.

पत्ता ठाऊक असला म्हणून पाकीट फोडायचा हक्क मिळत नाही. पोस्टमनला हे न शिकवता कळतं. माझ्या प्रोग्रॅमला ते मीच शिकवायला हवं होतं.