उतरण्याची गती

हायड्रॉलिक यंत्रांच्या दुरुस्तीवर आमचा चरितार्थ चालतो. पोकलेन, क्रेन, फोर्कलिफ्ट ही अवजड यंत्रे पाहताना लोकांना त्यांची ताकद दिसते. त्या ताकदीमागील नियम आपण सर्वांनी शाळेतच अभ्यासला आहे: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो. ब्लेझ पास्कल यांचा त्यासंबंधीचा ग्रंथ १६६३ साली प्रसिद्ध झाला आणि १७९५ साली जोसेफ ब्रामा यांनी त्याच तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. परंतु दाबातून केवळ बळ मिळते. पिस्टनचा वेग ठरतो तो दर मिनिटाला सिलिंडरमध्ये किती ऑइल जाते अथवा त्यातून किती बाहेर पडते यावर. हे प्रमाण राखण्याचे काम फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह करतो.

बोजा उचलण्यापेक्षा उतरवणे अधिक जोखमीचे, हे या व्यवसायाने आम्हांस शिकवले. फोर्कलिफ्टचे काटे वर नेण्यास पंप लागतो. खाली येताना मात्र मालाचे वजनच ऑइलला सिलिंडरबाहेर ढकलते. वाटेत नुसते अरुंद छिद्र ठेवले, तर बोजा जितका जड तितका तो वेगाने उतरेल; दाबातील फरक चौपट झाला की छिद्रातील प्रवाह दुप्पट होतो. म्हणून येथे दाबाशी जुळवून घेणारा व्हॉल्व्ह योजतात. बोजा वाढताच त्यातील स्पूल स्प्रिंगविरुद्ध सरकतो, वाट आखडते आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक जवळजवळ स्थिर राहतो. मग माल पाव टन असो वा दोन टन, काटे ठरलेल्या गतीपलीकडे जात नाहीत.

एका गोदामाच्या मालकांनी आम्हांस बोलावून सांगितले, "दादा, काटे उतरायला फार वेळ घेतात. तो व्हॉल्व्हच काढून टाका. दिवसाला दोन गाड्या जास्त भरतील." आम्ही नम्रपणे नकार दिला. दोन टनांचा माल भरधाव खाली येत असता चालकाने एकाएकी थांबवला, तर होजला जबर धक्का बसतो, यंत्र पुढे कलंडू शकते. आणि शेजारी हमाल उभे असतात. मालकांची तक्रार मात्र खरी होती. अर्धा दिवस मागून घेऊन आम्ही व्हॉल्व्ह खोलला. स्पूल आणि त्याच्या घरातील फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. गढूळ ऑइलातील बारीक कचऱ्याने स्पूल अडकला होता. तो स्वच्छ केला, ऑइल व फिल्टर बदलले. काटे पुन्हा योग्य गतीने उतरू लागले आणि व्हॉल्व्ह जागेवर राहिला.

आपल्या शाळेचे अनेक विद्यार्थी आज यंत्रचालक, फिटर, हेल्पर म्हणून राबत आहेत. त्यांना व त्यांच्या पालकांना आमचे सांगणे आहे: गती वाढवण्यासाठी कोणी असा व्हॉल्व्ह काढावयास सांगितला, तर आधी ऑइल आणि फिल्टर तपासा. व्हॉल्व्ह कितीही उत्तम असला तरी उचललेल्या बोजाखाली उभे राहू नका; त्याखाली काम करणे अटळ असेल, तर आधी भक्कम लोखंडी टेका लावा.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आम्ही एक जुना व्हॉल्व्ह मधोमध कापून देत आहोत. त्यातील स्पूल बोटाने सरकवून पाहता येतो. मुलांनी तो अवश्य हाताळावा.