इलेक्ट्रिकलच घे

कुर्डुवाडी,
जूनचा पहिला आठवडा

चि. छकुलीस,


तुझं पत्र पोचलं. दहावीला मार्क चांगले पडले, पॉलिटेक्निकला जायचं ठरलं, वाचून फार बरं वाटलं. पण ब्रँचवरून घरात वाद चाललाय, दादा म्हणतो कॉम्प्युटर घे, तुझा जीव इलेक्ट्रिकलमध्ये अडकलाय, आणि ‘मशिनीबिशिनी मुलींचं काम नव्हे’ असं कुणीसं बोलून गेलं, हे वाचल्यावर मला गप्प बसवेना. माझी सारी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात गेली. त्या जोरावर चार गोष्टी लिहितो. पत्र दादालाही वाचायला दे.

आधी आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट. सुरेखाताई यादव मूळच्या सातारच्या, माहेरच्या भोसले. शेतकऱ्याच्या घरातल्या, पाच भावंडांत थोरल्या. व्हायचं होतं शिक्षिका. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. तू ज्यासाठी हट्ट धरून बसलीस, तोच. १९८६ मध्ये रेल्वेभरतीची परीक्षा दिली, त्या वेळी उमेदवारांत बाई त्या एकट्याच. कल्याणला प्रशिक्षण झालं आणि १९८९ मध्ये त्या असिस्टंट ड्रायव्हर म्हणून मालगाडीवर चढल्या. पुढं स्वतः मालगाडी चालवली, २००० मध्ये मुंबईची लोकल हाती घेतली, २०१० पासून घाटात गाड्या नेल्या आणि ८ मार्च २०११ ला पुण्याहून डेक्कन क्वीन मुंबईला नेली. रेल्वे चालवणाऱ्या आशियातल्या पहिल्या महिला म्हणून त्यांचं नाव घेतात.

पेपरात फोटो येतो, हारतुरे होतात आणि बातमी तिथंच संपते. फोटोमागचं काम कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. इंजिनात दोघं असतात, लोको पायलट आणि असिस्टंट. पुढचा सिग्नल दिसला की दोघांनीही हात करून तो मोठ्यानं बोलायचा. हिरवा असो, पिवळा असो, एकानं म्हटलं की दुसऱ्यानं तपासून पुन्हा म्हणायचं. रात्रभर, प्रत्येक सिग्नलला, एकही न चुकवता. डोळ्यावर झापड आली तरी तोंड आणि हात चालू राहिले पाहिजेत, म्हणून ही शिस्त.

दुसरं, गाडी दोन स्टेशनांच्या मध्येच बंद पडली तर तिथं शेडमधला फिटर नसतो. छपरावरून तारेतली वीज घेणारा पेंटोग्राफ खाली का आला, कोणता रिले पडला, सर्किट ब्रेकर का बसत नाही, हे चालकानं स्वतः शोधायचं. मागं माणसं खोळंबलेली, कंट्रोलवरून विचारणा चालू आणि डोक्यात मात्र सर्किटचा नकाशा स्वच्छ हवा. सुरेखाताई लागल्या तेव्हा मुंबईकडची मध्य रेल्वे १,५०० व्होल्ट डीसीवर चालायची. २०१६ पर्यंत ती २५,००० व्होल्ट एसीवर गेली. म्हणजे ऐन नोकरीत अख्खी यंत्रणा बदलली आणि ती पुन्हा शिकावी लागली. कराडचा डिप्लोमा इथं कामाला आला.

तिसरं, घाट. बोरघाटात चढ सदतीसला एक आहे, म्हणजे दर सदतीस मीटरला गाडी एक मीटर चढते. वर जाताना मागून बँकर इंजिनं लावतात. उतरताना मात्र सगळा भरवसा ब्रेकवर. तिथं चालक बाई आहे की बाप्या, हे उताराला कळत नाही. त्याला ब्रेक कळतो.

१३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईची वंदे भारत सुरेखाताईंनीच नेली. वंदे भारत चालवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या बाई. सकाळी सातच्या सुमारास ती गाडी आपल्या कुर्डुवाडीत थांबून पुढं गेली आणि मुंबईला पाच मिनिटं आधी पोचली. बार्शी लाइट या लोहमार्गामुळं १८९७ पासून रेल्वेवर जगणारं हे आपलं गाव. तरी माझ्या उभ्या नोकरीत शेजारच्या बेंचवर मला बाई दिसली नाही. म्हणून ती गाडी आपल्या फलाटाला लागली, याचं मोल मला फार वाटतं.

आता जरा मागं जाऊ. १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी कॉलेजातून ए. ललिता इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. लग्न पंधराव्या वर्षी, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक, ते पाठीशी उभे राहिले. ललिताबाईंबरोबर पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या दोघी सिव्हिलला होत्या. ललिताबाईंनी प्रात्यक्षिक उमेदवारी कुठं केली ठाऊक आहे? जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात. पुढं भाक्रा नांगलच्या वीजवाहिन्यांच्या कामात त्यांचा वाटा होता.

आपल्या मराठी घरातल्या शकुंतला भगत. पूल बांधणारे नामवंत इंजिनिअर एस. बी. जोशी यांची लेक. १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या. यजमानांच्या जोडीनं त्यांनी ‘क्वाड्रिकॉन’ पद्धत काढली. ठरावीक मापाचे पोलादी भाग कारखान्यात बनवायचे आणि जागेवर जोडून हव्या त्या लांबीरुंदीचा पूल उभा करायचा. डोंगराळ मुलखात जिथं मोठी यंत्रं पोचत नाहीत, तिथं याचा केवढा उपयोग! १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत असा पूल उभा राहिला.

आणि १९७४ मध्ये टाटांच्या पुण्यातल्या टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ असं छापलेलं पाहून सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. मुलाखतीला बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली.

या सगळ्या गोष्टींतून मला एकच दिसतं. कुठं बापानं, कुठं नवऱ्यानं, कुठं एका परीक्षेनं वाट मोकळी केली. पण तेवढ्यानं भागलं नाही. आत गेल्यावर या बायकांनी काम मुळापासून शिकून घेतलं, म्हणून त्या टिकल्या आणि मागच्यांसाठी वाट रुंद झाली. आज देशात हजाराहून जास्त महिला लोको पायलट आहेत. सुरेखाताई सप्टेंबर २०२५ मध्ये छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाल्या, तेव्हा त्या एकट्या उरल्या नव्हत्या.

अडचणी झाकून ठेवत नाही. बहुतेक इंजिनांत अजून स्वच्छतागृह नाही. रात्रपाळी चुकत नाही, सणावाराला घर सुटतं. यावर मुलींनी मागे फिरावं असं मला वाटत नाही. सोयी करणं हे रेल्वेचं काम आहे आणि त्या मागणाऱ्या मुली जितक्या वाढतील तितक्या लवकर सोयी होतील.

कॉम्प्युटर वाईट नाही. ज्याला आवडतं त्यानं जरूर घ्यावं. पण तुझा ओढा विजेकडं आहे आणि तो केवळ तू मुलगी आहेस म्हणून मोडायचा असेल, तर ते मला मान्य नाही. दादा, तुलाही हेच सांगणं आहे. तिच्या पाठीशी उभा राहा. फीची काळजी करू नकोस, मी आहे.

छकुले, फॉर्मवर पहिली पसंती इलेक्ट्रिकलचीच भर. आणि प्रवेश मिळाला की वर्कशॉपचा एकही तास बुडवू नकोस.

काकीचे आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका