नायगावचा सतरा सप्टेंबर

नांदेडहून देगलूरच्या वाटेवर, काळ्याभोर रानांतून एस.टी. नायगावला येते. आम्हां पुणेकरांचे स्वातंत्र्य 15 ऑगस्ट 1947 चे; निजामाच्या राज्यातल्या या मुलखाचे उजाडले तेरा महिन्यांनी, 17 सप्टेंबर 1948 ला. पारावर नव्वदीचे आजोबा सांगत होते, “रझाकारांच्या भ्यानं रानात लपलो व्हतो. झेंडा लागला अन् घरला आलो!” शेजारचे चाचा मात्र गप्पच राहिले. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर अत्याचार झाले. त्यांत सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत पंडित सुंदरलाल समितीने नांदेडही धरला होता. तारीख एकच, एका घरचे भय त्या दिवशी संपले, दुसऱ्या घरचे सुरू झाले. मराठवाडा समजून घ्यायचा, तर बोलणाऱ्याचे ऐकावे आणि गप्प बसणाऱ्याजवळही थोडे बसावे.