समोरचा ‘हो’ म्हणेपर्यंत

हिवाळा आला की शाळाशाळांतून वादविवाद स्पर्धा सुरू होतात. मी मुलांना तयार करून नेते, कधी परीक्षक म्हणून बसते. गुणांच्या तक्त्यात रकाने ठरलेले: उच्चार, हावभाव, मुद्दे, वेळेचे भान. समोरच्याचे म्हणणे नीट समजले का, यासाठीचा रकाना मी अजून पाहिलेला नाही. मुले हुशार असतात. समोरच्याचे सर्वांत कच्चे वाक्य पकडायचे, ते थोडे वाकडे करायचे आणि टाळी घ्यायची, हे त्यांना लवकर कळते. हीच मुले मोठेपणी हातखंब्याच्या तिठ्यावर चहा पिता पिता बारसूच्या रिफायनरीवर बोलतात. मग विरोध करणारा ‘विकासाचा शत्रू’ ठरतो आणि बाजूने बोलणारा ‘दलाल’.

यंदा नववीच्या वर्गात मी एक नियम लावला. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे आणि त्याने “हो, मला हेच म्हणायचंय” असे म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाही. नियम माझा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी तो १९५१ मध्ये सुचवला होता. (बी.एड.ला रॉजर्स परीक्षेपुरतेच वाचले जातात.)

विषय होता, आपल्या मुलांनी उर्दू माध्यमात शिकावे की मराठी. कोकणी मुसलमानाच्या घरात हा प्रश्न दर जूनला येतो. घरात बोली, मदरशात उर्दू, तलाठ्यापुढे मराठी.

मराठीच्या बाजूचा मुलगा म्हणाला, “हिला म्हणायचंय, उर्दू आपल्या धर्माची भाषा आहे.” मुलगी म्हणाली, “नाही.” “उर्दू गेली तर आपली ओळख जाईल?” “नाही.” शेवटी त्याने वैतागून विचारले, “मग काय म्हणायचंय तुला?” ती म्हणाली, “गावात उर्दू शाळा होती म्हणून माझी आपा दहावी झाली. शाळा लांब असती तर अब्बांनी तिला एसटीने पाठवलंच नसतं.”

त्याच्या मुद्द्यांच्या कागदावर एसटी कुठेच नव्हती. आता पाळी तिची. त्याला मराठी का हवी, हे तिला दुसऱ्या खेपेला जमले: त्याचा भाऊ पोलीस भरतीच्या मराठी पेपरात अडकला होता. त्या तासाला कोणी जिंकले नाही. काही मुलांना ते बेचव वाटले, हेही खरे.

एका सहकारी सरांनी विचारले, अशाने मुले मवाळ नाही होणार? दुसऱ्याचे म्हणणे घोकता घोकता आपलेच विसरतील. मला तसे वाटत नाही, आणि त्याला दाखले आपल्याच घरात आहेत. संस्कृत शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, मग खंडन. इमाम गझालींनी तत्त्ववेत्त्यांवर ‘तहाफुत अल-फलासिफा’ लिहून हल्ला चढवला. पण त्या तत्त्ववेत्त्यांचे म्हणणे मांडणारे ‘मकासिद अल-फलासिफा’ हे वेगळे पुस्तकही त्यांचेच. ते इतके प्रामाणिक उतरले की बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर वाचून युरोपातल्या पंडितांनी गझालींनाच त्या पंथाचे समजून टाकले. पुढे इब्न रुश्द यांनी गझालींना उत्तर दिले, तेही त्यांचा मजकूर उतारा-उतारा देऊन.

आणि आपल्या जिल्ह्यातले, मंडणगडच्या आंबडव्याचे, डॉ. आंबेडकर. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यांचे भाषण झेपले नाही, अधिवेशनच रद्द झाले. त्यांनी ते स्वखर्चाने छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख आपल्याच पुस्तकात छापले आणि मग एकेक मुद्दा घेऊन उत्तर दिले. माझ्या मूळ प्रश्नांना महात्माजींनी हातच लावला नाही, ही त्यांची तक्रार. विरोधकाचे शब्द शेजारीच असल्याने वाचकाला ती पडताळता येते. त्या उत्तराला मवाळ म्हणायची कोणाची छाती आहे?

आपल्या समाजात मात्र हे घडत नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांचे नाव घेतले की ‘इस्लामचा दुश्मन’ एवढेच ऐकू येते. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला, त्यांची मागणी काय होती असे विचारले की बोलणे थांबते. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी होती. उलट दलवाईंना मानणाऱ्यांना विचारा, साधा नमाजी माणूस कायद्याला का घाबरतो? ‘मौलवींचा धाक’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. सुधारणा आमच्या आतून, दीनच्या आधाराने व्हावी; सरकार एकदा आत आले तर थांबणार कुठे, ही त्याची भीती कोणी त्याच्या तोंडून ऐकून घेतलेली नसते. २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ चा कायदा, दोन्ही वेळी टीव्हीवर आरडाओरडा तेवढा झाला. जिला तलाक मिळाला तिला काय म्हणायचे होते, हे दोन्ही खुर्च्यांनी परस्पर ठरवून टाकले.

वर्गाने पुढचा विषय निवडलाय: मशिदीत बायकांना नमाजासाठी जागा असावी का. आमच्या मौलानासाहेबांनाही बोलावले आहे. एका मुलीने विचारले, “मॅडम, नियम त्यांनाही लागू?” मी हो म्हटले आहे. त्यांना अजून सांगायचे आहे.