लंडनांतील एका सुताराचें घर

लंडनास जाऊन आलेल्या मंडळींनीं तेथील राजवाड्यांचीं व पुलांचीं वर्णनें इतकीं केलीं आहेत कीं, त्यांत आणखी भर घालण्याची आम्हांस इच्छा नाहीं. आज वाचकांस आम्ही क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत व तेथून एका बागेंत नेणार आहों.

आमचे तेथील यजमान निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे पणजोबा कपाटें-मेजें करणारे कसबी सुतार होते. पन्नाशी गांठण्यापूर्वींच ते वारले व पणजीनें एकटीनें मुलें वाढविलीं, ही हकीकत त्यांनीं आजोबांच्या तोंडून लहानपणीं ऐकलेली. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत आमच्या पिढ्यांचीं नांवें सांपडतात, असें आम्हीं सहज सांगितलें. त्यावर ते हंसून म्हणाले, "आमचे उपाध्ये म्हणजे खानेसुमारीचे मोजणीदार. चला, दाखवितों."

इंग्लंडांत दर दहा वर्षांनीं एका ठराविक रात्रीं घरांत जेवढीं माणसें असतील, तेवढ्यांची नोंद होत असे. मोजणीदार घरोघर कागद देई, ज्यास लिहितां येत नसे त्याचा स्वतः भरी, व मग सर्व एका वहींत उतरून काढी. १८४१ च्या नोंदींत प्रौढांचीं वयें पांचाच्या पटींत खालीं ओढलेलीं, नातें मुळींच नाहीं. तेव्हां ती वंशशोधकास अर्धीच उपयोगी. १८५१ पासून मात्र नातें, वय, धंदा व जन्माचा परगणा, सर्व कांहीं मिळतें. शंभर वर्षें उलटल्यावांचून हे कागद कोणास दाखवीत नाहींत. १९३१ चे तर १९४२ सालीं आगींत जळून गेले.

संगणकाच्या पडद्यावर १८५१ सालीं पणजोबा चार वर्षांचे निघाले. बाप बेथनल ग्रीनमधील रेशीम विणणारा. १८६० च्या तहानें फ्रेंच रेशमावरील जकात उठली व तो धंदा बसत गेला. मुलानें रंधा हातीं घेतला यांत नवल नाहीं. १८८१ सालीं ओल्ड निकोल स्ट्रीटवर संसार थाटलेला. १८९१ सालीं पांचांहून कमी खोल्या असल्यास त्यांचा आंकडा विचारीत. येथें तो दोन, आणि माणसें आठ. (पणजीबाईंचें वय दहा वर्षांत सातच वर्षांनीं वाढलें होतें!)

१९०१ च्या पानावर पणजी शेजारच्या भागांत रहातांना दिसली. कुटुंबप्रमुख, विधवा, धंदा, काडेपेटीच्या डब्या करणें. एका ग्रोसास दोन-अडीच पेन्स मिळत, अशी ती मजुरी. जवळ सतरा वर्षांचा मुलगा, म्हणजे यजमानांचे आजोबा. हकीकत जुळली असें म्हणून आम्ही उठणार, तों यजमानांनीं सहज पणजोबांचें नांव पुनः शोधलें. त्याच रात्रीं, त्याच भागांतील एका दरिद्राश्रमाच्या यादींत तें होतें. वय चौपन्न, जन्म बेथनल ग्रीन, धंदा सुतार. आणि पुढें: विवाहित.

खात्री करण्यासाठीं दुसऱ्या दिवशीं आश्रमाचें प्रवेशपुस्तक पाहिलें. त्यांत जवळचें नातलग म्हणून पणजीचें नांव व पत्ता लिहिलेला होता.

यजमान बराच वेळ कांहींच बोलले नाहींत. दरिद्राश्रमाची लाज त्या काळीं केवढी होती, हें आम्ही पुस्तकांतून वाचलें होतें. परंतु नवरा जिवंत असतां 'विधवा' असें लिहवून देणारी बाई आम्हांस त्या पानावरच भेटली. शेवटीं ते म्हणाले, "आजोबा तेव्हां सतरा वर्षांचे. त्यांना ठाऊक नसेल काय?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

संध्याकाळीं आम्ही ती जागा पहाण्यास गेलों. ओल्ड निकोलची दाट वस्ती लंडनच्या काउंटी कौन्सिलनें पाडली. सुमारें ५,७०० माणसें हललीं, व १९०० सालीं तेथें लाल विटांच्या देखण्या चाळी उघडल्या. भाडें परवडत नसल्यानें जुन्या रहिवाशांपैकीं फारच थोडे परत आले. पाडलेल्या घरांचा राडारोडा मध्यभागीं रचून टेकडी केली आहे. तीच आर्नल्ड सर्कस. वर वाद्यवृंदासाठीं छत्री व भोंवतीं मोठालीं झाडें. मुलें खेळत होतीं.

यजमान बांकावर बसले. खिशांतील टांचणवही काढून त्यांनीं दोन्ही नोंदी, पणजीची वर व पणजोबांची खालीं, एकाच पानावर सावकाश उतरून घेतल्या.