सालवडचे गारसे

पाटीवरच्या आडनावावरून गाव ओळखायचं, हा आमच्या चाळीतला खेळ. तारापूर एमआयडीसीमुळे बाप मंडळी कुठून कुठून सालवडला आलेली; पाळीचा भोंगा सगळ्यांना एकच. राऊत, सावे, चुरी इथलेच. खेडकर, चिपळूणकर तर पत्ता सांगूनच मोकळे. घोडं अडायचं शेवटच्या खोलीपाशी. तिथे लिहिलेलं असे : गार्सिया.

आजीच्या जिभेला ते कधी वळलं नाही. ती 'गारसे' म्हणायची, आणि गारसे म्हणजे आपल्या रत्नागिरीकडचेच, हेही तिनं ठरवून टाकलेलं. काका हसायचे. ते वसईचे. त्यांच्याकडची सुकेळी आमच्या पिढीनं दप्तरात लपवून खाल्ली. दिवाळीचा डबा तिकडे गेला की नाताळात भरूनच परत यायचा.

स्पेनमध्ये आज सर्वांत जास्त लोकांचं आडनाव गार्सिया आहे, हे फार पुढे कळलं. मुळात ते पाळण्यातलं नाव. नवव्या शतकात पाम्प्लोनाला या नावाचा राजा होता. शब्द बहुधा बास्क भाषेतला, आणि काही अभ्यासकांना त्यात अस्वल दिसतं! पोर्तुगीजांकडून मुंबई बेट खंडानं घेणारा वैद्य गार्सिया द ओर्ता. त्याचंही ते पहिलंच नाव. त्याचे आईबाप स्पेनमधून हाकललेले ज्यू. औषधींवरचं त्याचं पुस्तक गोव्यात 1563 साली छापलं गेलं.

वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळायचं, त्यामुळे असं आडनाव असलं म्हणून पूर्वज गलबतातूनच उतरला असं नाही. आम्ही मात्र काकांना बरीच वर्षं खलाशाचे वंशज समजत होतो.

त्यांच्या भिंतीवर एक तसबीर होती : क्रुसावरचा माणूस, दोन्हीकडून भाले. आम्हाला वाटायचं येशूच. काका म्हणाले, "नाही रे, हा आमच्या वसईचा. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानात नागासाकीला 1597 साली मारला. 1862 मध्ये संत झाला, भारतात जन्मलेला पहिला."

आजी पाठीमागे डबा घेऊन उभी. तिनं डबा खाली ठेवला, तसबिरीला हात जोडले.

"अगो बाई, गारश्यांचा पोर एवढ्या लांब गेला होता?"