फ्यूजच्या जागी तार

आमच्या दारात एक जुना ट्रक उभा आहे. 1968 सालचा टाटा-मर्सिडीज. टेल्को आणि जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीचा करार 1954 साली झाला व 1969 साली संपला. त्या शेवटच्या काळातली ही गाडी मी 1983 साली कर्ज काढून जुनीच विकत घेतली. कोल्हापुरात गूळ भरायचा, आंबा घाट उतरायचा, रत्नागिरी गाठायची. तिच्याच भाड्यावर दोन खोल्यांचे घर झाले, तीन मुले शिकली.

आता ती भाड्याला जात नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला. पत्नी म्हणाली, "द्या की देऊन, जागा तरी मोकळी हुईल." माझे मन होईना. इंजिन आणि पत्राकाम उद्यमनगरातल्या ओळखीच्या कारागिरांकडून करून घेतले. राहिले वायरिंग.

ते वायरिंग म्हणजे नुसती ठिगळे होती. तुटेल तिथे जोड आणि वर टेप. कोणती वायर कुठे जाते हे मलाही सांगता येत नव्हते. कंपनीचा मूळ सेट मिळेना, म्हणून बाजारी सेट आणला. त्यात फ्यूजबॉक्स आणि रिले होते. हे काम अंगावर घेतले माझ्या धाकट्या मुलीने. ती आयटीआयची इलेक्ट्रिशियन आहे, शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला जाते. सुट्टी फक्त रविवारची.

पहिल्या रविवारी तिने एकही वायर तोडली नाही. बॅटरीचे टर्मिनल काढले, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली आणि वहीत आकृती काढली. दुसऱ्या रविवारी चेसीवरचा रंग खरवडून, पत्रा चकचकीत करून अर्थ बसवला. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच घातले. मला हिशेब सांगितला : 60 वॅटचे दोन दिवे म्हणजे 120 वॅट, बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे 10 अँपियर. एवढा करंट जुन्या स्विचमधून नेला तर स्विच तापतो, म्हणून मध्ये रिले.

तिसऱ्या रविवारी ती सामान आणायला गेली होती. मला दम निघेना. बॅटरी जोडून मागचे दिवे लावले, तर फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग मी आयुष्यभर केले तेच केले. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घातली. दिवे लागले नाहीत, पण नव्या वायरीतून धूर निघाला. तेवढ्यात पोरगी आली. हातातली पिशवी टाकून तिने टर्मिनल उपसले. गाडी वाचली.

मी उलट तिच्यावरच ओरडलो, "तुझ्या वायरिंगमध्येच खोट हाय!"

ती शांतपणे म्हणाली, "आबा, फ्यूज उडाला म्हणजे त्यानं त्याचं काम केलं. तुम्ही त्यालाच बाजूला काढलंसा."

मी गप्प झालो. क्लीनर असताना एका गॅरेजात मिस्त्री मला पाने पुसायला लावायचा, पण काम चालले की "तिकडं उभा ऱ्हा" म्हणायचा. लांबून पाहिले तेवढेच शिकलो. तो तार घालायचा, म्हणून मीही घालत आलो. घाटात रात्री तेवढ्यावर भागलेही. त्या तारेवर मी आणि माझा क्लीनर किती वेळा जळता जळता वाचलो असू, हे त्या दिवशी कळले.

मग दोघांनी मिळून दोष शोधला. मागच्या दिव्याच्या पट्टीखाली एक वायर चेपली होती. वरचे आवरण फाटून तांबे चेसीला टेकले होते. "ही पट्टी मीच आवळली होती, आबा," ती म्हणाली. स्वतःची चूकही तिने लपवली नाही. जळालेली वायर बदलली, 10 अँपियरचा फ्यूज घातला. मागचे दोन्ही दिवे लागले.

आता तिची वही माझ्याजवळ असते. कोणती वायर कुठे जाते ते मी सत्तरी ओलांडल्यावर शिकतो आहे. ती मला कधी "तिकडं उभा राहा" म्हणत नाही. माझ्या ड्रायव्हर बांधवांना एवढेच सांगणे : फ्यूज पुन्हा पुन्हा उडाला तर तार घालू नका, कारण शोधा. आणि घरातली मुलगी हत्यार मागत असेल, तर तिच्या हातात द्या.